दुपारच्या मालिकेचं घर बदलतं तेव्हा

९ सप्टेंबर २०२२, शुक्रवार. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या मालिकेचा त्या वाहिनीवरचा शेवटचा भाग दुपारी लागला. सोमवारी, १२ तारखेला, पुढचा भाग आला तो त्याच कंपनीच्या पीकॉक या ॲपवर. गोष्ट थांबली नाही. पात्रं तीच, सेलम हे काल्पनिक गाव तेच, सुरुवातीचं वाळूचं घड्याळही तेच. ८ नोव्हेंबर १९६५पासून, म्हणजे जवळजवळ ५७ वर्षं, जी दुपार या मालिकेची होती ती मात्र सुटली. त्या वेळेत बातम्या सुरू झाल्या.

साताऱ्यात या बातमीशी कुणाचं काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं. मी मात्र ती दोनदा वाचली, कारण त्याच दिवसांत आमच्या घरी केबल बंद करायची चर्चा चालली होती. भाऊ आईला समजावत होता, “अगं, सगळ्या मालिका मोबाईलवर दिसतात आता. पाहिजे तेव्हा बघ की.” आईनं मालिकेबद्दल काही विचारलंच नाही. ती म्हणाली, “मग दोन वाजता मी काय करू?”

हा प्रश्न मालिकेच्या जन्मापाशी नेतो. दुपारच्या मालिका मुळात टीव्हीच्या नाहीत, रेडिओच्या आहेत. १९३०च्या दशकात अमेरिकेत साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या ध्यानात आलं की नवरा कामावर, मुलं शाळेत, अशा वेळी घरातली बाई एकटी राबत असते, तिचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. १९३३ साली सुरू झालेल्या ‘मा पर्किन्स’ या मालिकेचा खर्च ऑक्सिडॉल या कपडे धुण्याच्या साबणानं उचलला. रोज पंधरा मिनिटं, एका विधवा बाईची गोष्ट. ती सत्तावीस वर्षं चालली. ‘सोप ऑपेरा’ हे नाव त्या साबणावरून पडलं. पुढं हाच प्रकार टीव्हीवर आला. ‘गाइडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर गेली आणि २००९पर्यंत टिकली. म्हणजे घर बदलणं मालिकांना नवीन नाही. पण रेडिओवरून टीव्हीवर जाताना त्यांनी दुपार सोडली नव्हती. पीकॉकवर जाताना ती सुटली. हा फरक मला माध्यमाच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडं क्रम थोडा उलटा. मुंबई आकाशवाणीवर प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या पात्रांच्या गप्पा ऐकणारी पिढी होती, पण ती रोजची रडकथा नव्हती. टीव्हीवर ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली, दीडशेहून जास्त भाग चालली, आणि तीही संध्याकाळची. सगळं घर एकत्र बसून बघायचं. साताऱ्यात तेव्हा कौलांवर ॲन्टेना असायचे आणि वारं सुटलं की कुणीतरी वर चढायचं. पुढं अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याकडं बोट दाखवून “आपला टीव्ही तिथनं येतो” असं आम्हाला सांगितलं जायचं.

दुपार खऱ्या अर्थानं उघडली ती १९९४ साली ‘शांती’नं आणि पुढच्या वर्षी ‘स्वाभिमान’नं. दोन्ही हिंदी, दोन्ही दूरदर्शनच्या, दोन्ही रोज. मग मराठीत ‘दामिनी’ आली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. नायिका पत्रकार. दुपार कलताना ती लागायची, पोरं शाळेतून घरी यायची तेव्हा आया टीव्हीसमोर सापडायच्या. संध्याकाळच्या टीव्हीवर पहिला हक्क वडिलांचा आणि बातम्यांचा होता. दुपारच्या टीव्हीवर कुणी हक्क सांगायला नव्हतंच. आईच्या पिढीला घरात स्वतःची म्हणून खोली कधी मिळाली नाही, कपाटातला एक कप्पा मिळाला तर नशीब. दुपारचा अर्धा तास मिळाला तो मालिकेमुळं. “माझी मालिका लागलीय” एवढं म्हटलं की कुणी चहा मागत नसे. या वाक्याची ताकद मी लहानपणापासून बघितली आहे, म्हणून मालिकांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१९९९ साली अल्फा टीव्ही मराठी आली, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी. केबल घराघरांत पोचली आणि मालिकांचा जोर संध्याकाळी सात ते दहा या वेळेवर गेला. दुपारी त्याच भागांचं पुनःप्रक्षेपण उरलं. पण आमच्या भागात पुनःप्रक्षेपणाला वेगळीच किंमत होती, कारण त्या वर्षांत भारनियमन होतं. वीज कधी सकाळी जायची, कधी ऐन मालिकेच्या वेळी, खेड्यात तर तासन्‌तास. नायिकेच्या हातात चिठ्ठी पडायची आणि पडदा काळा. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, वीज असली तर, तोच भाग पुन्हा. नसली तर ज्यांच्याकडं वीज होती अशा पेठेतल्या बाईला गाठायचं. आमच्या वाड्यात शेजारच्या काकू उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत अख्खा भाग सांगायच्या. साडी कुठली होती इथपासून. कधी कधी पुढं दुपारी तोच भाग दिसला की आई म्हणायची, काकूंनी सांगितला तो जास्त चांगला होता.

अमेरिकेत दुपार ओसरली ती हळूहळू. बायका मोठ्या संख्येनं नोकरीला लागल्या, घरात दुपारी बघणारं माणूस कमी झालं. केबलवर वाहिन्या वाढल्या. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सन या नावाजलेल्या माजी खेळाडूवरच्या खुनाच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण महिनोन्‌महिने दुपारभर चाललं. मालिका खंडित झाल्या आणि सवय मोडलेले कित्येक प्रेक्षक पुन्हा आले नाहीत. रोजच्या मालिकेचं सगळं भांडवल सवय हेच. ती एकदा मोडली की गोष्ट कितीही चांगली असो, सांधत नाही. २००९ साली ‘गाइडिंग लाइट’ संपली, २०१० साली ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’. पुढच्या वर्षी एबीसी वाहिनीनं ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि ‘वन लाइफ टू लिव्ह’ या दोन जुन्या मालिका बंद करायचा निर्णय घेतला.

इथं इंटरनेटचा पहिला मोठा प्रयोग झाला. प्रॉस्पेक्ट पार्क नावाच्या कंपनीनं या दोन्ही मालिकांचे हक्क घेतले आणि २९ एप्रिल २०१३ रोजी त्या थेट इंटरनेटवर सुरू केल्या. भाग अर्ध्या तासाचे केले. काही महिन्यांत सगळं गुंडाळलं गेलं. पैसा पुरला नाही, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जुना प्रेक्षक अजून संगणकासमोर बसून मालिका बघायला तयार नव्हता. त्याआधी २००७ साली ‘पॅशन्स’ ही मालिका एनबीसीवरून डायरेक्टटीव्ही या उपग्रह सेवेवर गेली होती, तीही पुढच्या वर्षी संपली. म्हणून ‘डेज’ हलवायचं जाहीर झालं, ३ ऑगस्ट २०२२ला, तेव्हा जुन्या चाहत्यांना हा निरोपच वाटला असला तर त्यात नवल नाही.

पण या वेळी हिशेब वेगळा होता. पीकॉकला असा प्रेक्षक हवा होता जो एक चित्रपट बघून वर्गणी बंद करणार नाही, रोज येईल. रोज येणारा प्रेक्षक रोजच्या मालिकेशिवाय दुसरं कोण देतं? वर्गणी तेव्हा महिना ४.९९ डॉलर होती. वाहिनीला मोजकेच लाख प्रेक्षक म्हणजे तोटा, पण ॲपला तेवढेच नेमानं पैसे भरणारे लोक म्हणजे कमाई. मालिका टिकली. २ डिसेंबर २०२४ला तिचा १५,०००वा भाग आला. वर्गणी परवडणार नाही किंवा ॲप लावता येणार नाही अशा म्हाताऱ्या बायकांचं काय झालं, याचा हिशेब मात्र कंपनीच्या वहीत बसत नाही. आईकडं बघून मला तेवढाच दिसतो.

ऑस्ट्रेलियाच्या ‘नेबर्स’चंही असंच झालं. १९८५ची मालिका, जुलै २०२२मध्ये बंद पडली, सप्टेंबर २०२३मध्ये ॲमेझॉनच्या फुकट सेवेवर परत आली आणि २०२५च्या फेब्रुवारीत ती पुन्हा थांबणार असं जाहीर झालं. ॲपवर गेलं की आयुष्य वाढतंच असं नाही.

आता साताऱ्याकडं. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात मालिका नुसत्या बघितल्या जात नाहीत, बनतातही. वाई, मेणवलीचा घाट हिंदी चित्रपटवाल्यांना आधीपासून ठाऊक होता, ‘स्वदेस’ तिथलाच. पण २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि चित्र पालटलं. निर्माती श्वेता शिंदे साताऱ्याची, लेखक तेजपाल वाघ वाईचा, गोष्ट फौजी व्हायला निघालेल्या पोराची. ज्या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे नावाचं गाव आहे तिथं ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बोलीही इथलीच. पुढं ‘देवमाणूस’ आली. गावात युनिट आलं की वाड्याचं भाडं, जेवणाचे डबे, गर्दीत उभं राहायला माणसं, गाड्या, सगळ्यांना काम मिळतं.

एकदा वाईच्या बाजूला मी असं चित्रीकरण बघत उभी होते. सासू-सुनेचा प्रसंग, दोघी अंगणात. आवाज घ्यायचा म्हणून एक पोरगा सारखा गल्लीच्या तोंडाशी पळत जायचा आणि पिठाच्या गिरणीवाल्याला दोन्ही हात वर करून थांबवायचा. गिरणी थांबायची, डबे घेऊन बायका ओट्यावर बसायच्या, प्रसंग व्हायचा, पुन्हा गिरणी. चौथ्या वेळी डब्याच्या रांगेतली एक मावशी म्हणाली, “हा भाग कधी लागणार?” पोरगा म्हणाला, “परवा.”

या “परवा”त फार मोठा फरक लपला आहे. ‘डेज’चं चित्रीकरण अनेक महिने आधी होतं. त्या मालिकेतले ज्येष्ठ नट जॉन ॲनिस्टन, जेनिफर ॲनिस्टनचे वडील, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी वारले. त्यांचा शेवटचा भाग २६ डिसेंबरला दिसला. आपल्याकडं भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, काही दिवसांची असली तरी पुष्कळ. म्हणून मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मराठी मालिका बघता बघता जुन्या भागांवर आल्या. जुलैत नवे भाग सुरू झाले. त्याची किंमत साताऱ्यानं जवळून बघितली. ‘आई माझी काळुबाई’च्या चित्रीकरणात ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकरांना करोना झाला आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यातच त्या गेल्या. रोज संध्याकाळी मालिका लागावी म्हणून कोण किती जिवावर उदार होतं, हे त्या दिवशी कळलं.

आणि २०२२. ज्या वर्षी सेलमची दुपार गेली, त्याच वर्षी मराठीत दुपार पुन्हा बांधली जात होती. १४ फेब्रुवारी २०२२ला स्टार प्रवाहवर ‘मुरांबा’ सुरू झाली ती दुपारी, नवी कोरी. २०२४च्या मार्चमध्ये ‘आई कुठे काय करते’ संध्याकाळवरून अडीच वाजता आणली गेली आणि नोव्हेंबरच्या अखेरीला तिथंच संपली. म्हणजे अमेरिकेत वाहिन्यांना जी वेळ नकोशी झाली, ती इथं पुन्हा पैसे देऊ लागली. मला याचं कारण साधं दिसतं. आमच्याकडं दुपारी घरात बाई अजून आहे. भाकरी, धुणं, भांडी उरकून ती दीड-दोनला टेकते. मोबाईल आहे, पण तो बहुतेक मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. टीव्ही भिंतीवर आहे आणि त्या वेळी तो तिचा आहे.

ॲपही काही मागून आलेलं नाही. हॉटस्टार २०१५चं, झी५ फेब्रुवारी २०१८चं, आणि मधे सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, तेव्हापासून डेटा स्वस्त झाला. १ फेब्रुवारी २०१९पासून वाहिन्या निवडून पैसे भरायचा नियम आला, तेव्हा केबलवाल्यानं दिलेल्या फॉर्मवर कुठल्या वाहिनीवर खूण करायची यावरून घराघरांत वाद झाले. आमच्या घरी पहिल्यांदा आईनं पेन हातात घेतलं आणि तिच्या वाहिन्यांपुढं खुणा केल्या, मग उरलेला कागद वडिलांकडं दिला. मराठी मालिका आज वाहिनीवर आणि ॲपवर दोन्हीकडं आहेत. पैसे भरणाऱ्याला काही भाग टीव्हीच्या आधीच बघता येतात. पण ‘डेज’सारखी टीव्ही सोडून पूर्ण तिकडं गेलेली रोजची गाजती मालिका आपल्याकडं नाही.

केबल आम्ही शेवटी ठेवली. भावानं आईला मोबाईलवर ॲपही लावून दिलं, आणि ती दोन्ही वापरते. लग्नाला, यात्रेला गेली की राहिलेले भाग रात्री बघते, मोबाईल पितळी डब्याला टेकवून, चष्मा वर करून. मधे चाक फिरत राहिलं तर थांबते. याचं मला खरंच अप्रूप वाटतं, भारनियमनातल्या तिच्या त्या काळ्या पडद्यांनंतर.

काकूंच्या घरची केबल मात्र सुनेनं गेल्या वर्षी काढली. त्या आता सगळं मोबाईलवर बघतात, एकदम चार-पाच भाग, कधी पहाटे. परवा दुपारी पावणेतीनला त्या उंबऱ्यापाशी आल्या. आई नुकतीच टीव्ही बंद करून उठली होती. काकूंनी विचारलं, “आज काय झालं गं?”

आई सांगणार होती. मग थांबली आणि म्हणाली, “तुमचं कुठवर आलंय आधी सांगा.”