श्रावण पाळताना येणारी फिट

गटारी झाली की दुसऱ्या दिवसापासून श्रावण. महिनाभर मटण बंद, बाटली बंद. ‘तो कसला व्यसनी? दरवर्षी श्रावण पाळतो की!’ असं अनेक घरांत अभिमानाने सांगतात. अधूनमधून एखादा पेग घेणाऱ्याला ते लागू पडेल. पण रोज दोन-दोन क्वार्टर रिचवणारा, सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्याच्या हातात चहाचा कप ठरत नाही असा माणूस गटारीनंतर एकदम थांबला, तर त्याच्या जिवाशी गाठ असते. दरवर्षी असं थांबून पुन्हा सुरू केलं, तर धोका वाढतच जातो.

गर्द (ब्राउन शुगर) सोडणाऱ्याला ‘टर्की’ येते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास होतो, तेव्हा तो गडाबडा लोळतो, पण निव्वळ टर्कीने माणूस सहसा मरत नाही. दारू अचानक तोडल्याने मात्र मरू शकतो. याचं कारण मेंदूत आहे.

मेंदूच्या पेशींना शांत करणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते पेशीवरच्या ग्राहकाला (रसायन पकडणाऱ्या रेणूला, म्हणजे रिसेप्टरला) चिकटलं की पेशीत क्लोराइडचे आयन शिरतात आणि पेशी सहजासहजी चेतत नाही. चेतवणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट. त्याच्या एनएमडीए या ग्राहकातून कॅल्शियम आत येतं. दारू दोन्हीकडे हात मारते: गाबाचा जोर वाढवते, एनएमडीएची वाट अडवते. म्हणून पहिल्या पेगला सैल वाटतं.

पण मेंदू गप्प बसत नाही. रोजच दारू येते म्हटल्यावर गाबाचे ग्राहक बोथट होतात आणि एनएमडीएचे ग्राहक वाढतात. रस्सीखेचीत एका बाजूला पैलवान येऊन उभा राहिला म्हणून दुसऱ्या बाजूने चार माणसं वाढवावीत, तसं. दोर मधोमध राहतो आणि लोक कौतुकाने म्हणतात, ‘याला चढतच नाही.’ मग एके दिवशी पैलवान दोर सोडून निघून जातो.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास वेगळंच सुरू होतं: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, दिवस कुठला ते कळत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. नेमक्या याच वेळी ‘बाहेरची बाधा’ म्हणून माणसाला मांत्रिकाकडे नेतात, अंगारा लावतात, क्वचित बांधूनही ठेवतात. हे थांबलंच पाहिजे. त्या माणसाला त्या घडीला आयसीयूची गरज असते.

हा सगळा अशक्तपणाचा परिणाम आहे, असं पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं. १९५५ साली अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनमध्ये हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी काही कैद्यांना चांगलं खाऊपिऊ घालून, जीवनसत्त्वं देऊन, कित्येक आठवडे रोज दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. खाणं नीट असूनही फिट आल्या, भास झाले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण दोष दारू तुटण्याचा आहे, हे त्यातून पक्कं झालं.

आता पुन्हा पुन्हा सोडण्याचं. १९६०च्या दशकात ग्रॅहम गोडार्ड यांना उंदरांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. मेंदूला रोज अगदी सौम्य विजेचा झटका दिला तर सुरुवातीला काहीच होत नाही. काही दिवसांनी मात्र तेवढ्याच झटक्याने पूर्ण फिट येते. याला किंडलिंग म्हणतात. १९७८ साली बॅलेंजर आणि पोस्ट यांनी दारू पिणाऱ्या २०० पुरुषांच्या नोंदी तपासून मांडलं की दारू तुटण्याचंही असंच होत असावं: दर खेपेला मेंदू थोडा अधिक भडकू लागतो. पहिल्या वर्षी नुसती थरथर, पुढे कधीतरी फिट. माझ्या मते ‘गेल्या वर्षी तर काही झालं नव्हतं’ हे घरच्यांचं वाक्य म्हणूनच सगळ्यात फसवं आहे.

मग सोडायचीच नाही का? जरूर सोडायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या गाबाच्याच ग्राहकावर काम करतात. साधारण आठवडाभरात त्यांचा डोस उतरवत नेतात, तेवढ्यात मेंदूचा तोल सावरू लागतो. या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांचंही व्यसन लागतं. ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ छाप पुड्यांना तर हातही लावू नये. त्यात डायसल्फिराम हे दारूशी न जुळणारं औषध असलं आणि त्यावर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो.

शरीरातून दारू गेली म्हणजे व्यसन गेलं असं नाही. पुढचे महिने समुपदेशनाचे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगांचे, गरज पडल्यास तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या औषधाचे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ही व्यसनमुक्ती संस्था हे काम करतंय. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

दवाखान्यात गेल्यावर शेवटचा घोट कधी घेतला, रोज किती घेत होता आणि आधी कधी फिट आली होती का, हे न लाजता सांगा. नुसतं ‘सलाईन लावा’ म्हणून मागे लागू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. अशा वेळी ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून बी-१चं इंजेक्शन आधी देतात.