ड्रॅगचा ब्लोअर सर्किटवर का तापतो

मसल कारवर (मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीवर) बसणाऱ्या, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरचा म्हणजे ब्लोअरचा जन्म शर्यतीसाठी झालेला नाही. अमेरिकेत इंडियानातल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये पेटंट घेतलेला ब्लोअर भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचा. 1921 मध्ये मर्सिडीजने तो विक्रीच्या मोटारीत आणला. पण मसल कारला तो मिळाला ट्रकांकडून. जनरल मोटर्सच्या 71 मालिकेतल्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना जळका धूर बाहेर ढकलायला ब्लोअर लागायचाच. 6-71 म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंच. युद्धानंतर हे जुने ब्लोअर स्वस्तात मिळू लागले आणि हॉट रॉडवाल्यांनी (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांनी) ते व्ही-8 वर चढवले. ड्रॅग शर्यतीतली पाव मैलाची सरळ धाव काही सेकंदांत संपते, त्यामुळे दाबलेली हवा किती तापते याची फिकीर फारशी कुणी केली नाही.

कारखान्यांचे पहिले प्रयोगही अडखळतच झाले. 1962 च्या ओल्डस्मोबील जेटफायरमध्ये टर्बो (धुराच्या जोरावर फिरणारा ब्लोअर) होता आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, तब्बल 10.25:1. नॉकिंग (मिश्रण दाबाने-उष्णतेने आपोआप भडकणं) टाळायला मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण फवारलं जाई. मालक ती टाकी भरायला विसरत, मग बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) कापला जाई; शेवटी अनेक गाड्यांवरचे टर्बो काढून टाकले गेले. 2003 ची मस्टँग कोब्रा मात्र नीट विचार करून बांधलेली: ईटनचा सुपरचार्जर, 8 पीएसआय बूस्ट, 390 एचपी, फोर्ज्ड (घडवलेले मजबूत) पिस्टन, 8.5:1 कॉम्प्रेशन आणि हवा थंड करायला पाण्याचं वेगळं सर्किट.

भारतात 2016 पासून विकलेल्या मस्टँग जीटीचं कॉम्प्रेशन 11:1 आहे. तिच्यावर ब्लोअर चढवायचा तर एवढ्या कॉम्प्रेशनमुळे गणित अवघड होतं. 35 अंशांची हवा 60 टक्के कार्यक्षमतेच्या ब्लोअरने 8 पीएसआयपर्यंत दाबली, तर ती 100 अंशांच्या आसपास बाहेर पडते. चार्ज कूलर (दाबलेली हवा पाण्याने थंड करणारा भाग) तापमान खाली आणतो खरा, पण शर्यतीच्या सर्किटवर 20 मिनिटांच्या सेशनमध्ये चार-पाच लॅपनंतर त्याचं पाणीच तापतं. मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) नॉकिंग टाळायला ठिणगी उशिरा पाडतो आणि वाढवलेली ताकद सरळ पट्ट्यावर गायब होते. पुढचा हीट एक्स्चेंजर आणि पंप मोठे घ्यावे, पाण्याचा साठा वाढवावा. या पाण्याच्या सर्किटमध्ये हवा अडकली तर पंप फिरतो पण पाणी हलत नाही. पाणी भरल्यावर ब्लीड करण्यात (अडकलेली हवा काढण्यात) घाई नको. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप साधारण 0.7 मिमी. मस्टँग जीटीच्या या कोयोट इंजिनातल्या ऑइल पंपाचे सिंटर्ड (धातूची पूड दाबून केलेले) गिअर बूस्टवर, विशेषतः रेव्ह लिमिटरला (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या मर्यादेला) आपटताना, फुटतात. बिलेटचे (अखंड धातूतून कापलेले) गिअर आधीच बसवावेत, कारण मूळचे फुटले की इंजिन जातं.

गोव्यातल्या फोंडा-उसगावकडच्या मिस्त्रींना टर्बो नवा नाही. खनिजाच्या टिपरांनी तो शिकवला. पण डिझेलचा अनुभव पेट्रोलवर चालवला तर पिस्टन वितळतो. डिझेलला जादा हवा थंडच ठेवते. पेट्रोलला बूस्टवर मिश्रण जाडच (जास्त पेट्रोलचं) हवं, लॅम्बडा 0.80 च्या आसपास; लॅम्बडा 1 म्हणजे पेट्रोल पुरतं जळायला नेमकी लागेल तेवढी हवा. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने एएफआरचे (हवा-इंधन प्रमाणाचे) आकडे सरकतात, त्यामुळे ट्यूनिंग लॅम्बडावरच करावं. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीतलं इथेनॉल ओलावा खेचतं, तेव्हा सीझनच्या सुरुवातीला जुनं पेट्रोल काढून टाकलेलं बरं. आपल्या दमट हवेचा मारही मोजता येतो: 33 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला हवेतली सुमारे चार टक्के जागा वाफच घेते.

गोव्यात कायमचं सर्किट नाही. गाडी कोइंबतूरच्या करीला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला न्यावी लागते, तीही ट्रेलरवरच बरी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांना आडवं येतं आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं.