जपानमध्ये इंग्रजीतून मास्टर्स किंवा पीएचडी: अर्जाआधी काय तपासाल?

जपानच्या बऱ्याच विद्यापीठांत मास्टर्स आणि पीएचडी पूर्णपणे इंग्रजीतून करता येते. तिथल्या सरकारने २००९ साली १३ विद्यापीठे निवडून अशा अभ्यासक्रमांना बळ दिले. पण आधी ठरवा: शिकून झाल्यावर नोकरी जपानमध्येच करायची आहे का? संशोधनातच राहायचे असेल तर इंग्रजीवर बरेचसे निभावते. नोकरीचे तसे नाही. बहुतेक कंपन्या मुलाखत जपानीतून घेतात आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ (वरून दुसरी) पातळी तरी हवी असते. प्रयोगशाळा सांभाळून दोन वर्षांत शून्यापासून तिथवर पोहोचताना फार ओढाताण होते. म्हणून भाषा इथूनच सुरू करा; पुणे आणि मुंबई दोन्हीकडे ही परीक्षा देता येते.

पात्रतेत आपली मुले अडकतात ती सोळा वर्षांच्या शिक्षणाच्या अटीवर. बी.ई., बी.टेक. किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर प्रश्न नाही. तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असेल तर पंधराच वर्षे भरतात. अशा वेळी बरीच विद्यापीठे अर्जाआधी स्वतंत्र पात्रता तपासणी करतात आणि तिची मुदत मुख्य अर्जाच्या बरीच आधी संपते. प्रवेश कार्यालयाला ईमेल करून हे सर्वात आधी विचारा.

त्यानंतरचे काम प्राध्यापक शोधण्याचे. विज्ञान-अभियांत्रिकीत तर मार्गदर्शक तयार झाल्याशिवाय अर्जाला फारसा अर्थ नसतो. सरसकट एकच ईमेल पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचा आणि तुमचा विषय त्यात कुठे बसतो ते थोडक्यात लिहा. सोबत संशोधन आराखडा जोडा. माझ्या मते सगळ्या अर्जात सर्वात जास्त वेळ या आराखड्याला द्यावा.

कागदपत्रे नेहमीचीच: पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांची ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचे अधिकृत गुणपत्रक), शिफारसपत्र, टोफेल किंवा आयईएल्टीएसचे गुण, पासपोर्ट. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो, तो हिशेबात धरा.

खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाणित फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेश शुल्क २,८२,००० येन आहे. काही विद्यापीठे जास्त घेतात. फीमाफीसाठी वेगळा अर्ज करता येतो. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत फी माफ होते, विमानभाडे मिळते आणि मास्टर्सला महिना १,४४,००० येन, पीएचडीला १,४५,००० येन मिळतात. वय साधारण ३५ च्या आत हवे. दूतावासामार्फत अर्ज केला तर कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा आणि मुलाखत होते. ते पार पडल्यावर विद्यापीठांकडून तात्पुरते स्वीकृतीपत्र मिळवावे लागते. दूतावासाची जाहिरात बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास येते आणि जाणे होते पुढच्या वर्षी. याच शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाच्या शिफारशीचा मार्ग वेगळा आहे. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज चालत नाही.

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठच जपानच्या इमिग्रेशनकडे तुमच्या वतीने सीओई, म्हणजे वास्तव्य-पात्रतेच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. स्वखर्चाने जाणाऱ्यांना यासाठी बँक शिल्लक आणि पालकांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात. सीओई आल्यावर व्हिसा. पार्ट-टाइम कामाला वेगळी परवानगी लागते आणि मर्यादा आठवड्याला २८ तासांची असते. त्या कमाईतून फी भरायचा बेत आखू नका.