'घरी बसून पगार' म्हणणाऱ्यांसाठी

"२०२० मध्ये मास्तरांची मजा होती, घरी बसून पगार!" नागपुरात पानठेल्यावर हे अजूनही ऐकू येतं. गैरसमज आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, शिकवणं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, आवाज नको म्हणून कूलर बंद करून, तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून घेतलेले तास मी पाहिलेत.

जाणं-येणं वाचलं, हे खरं. काहींना ते आवडलंही. पण पोराला कळलं की नाही, हे त्याच्या डोळ्यांत दिसतं, आणि मास्तरांचं समाधान तिथंच असतं. स्क्रीनवर नुसती नावं, तीही म्यूट. घरातला एकुलता फोन बापासोबत कामावर. म्हणून गृहपाठाचे फोटो यायचे रात्री, तेही आडवे. वर कोविड सर्वेक्षणाची ड्युटी वेगळीच.