बायपासमधलं हेपरिन आणि 'लपवलेले' पर्याय

'बायपासच्या वेळी डुकराच्या आतड्यातून काढलेलं हेपरिन देतात, चांगले पर्याय डॉक्टर लपवतात,' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

बायपासच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन लागतं. एरवी चाचणीत दोनेक मिनिटांत गोठणारं रक्त मशीनवर असताना किमान ४०० ते ४८० सेकंद तरी गोठू नये, हे ऑपरेशनभर थोडं थोडं रक्त काढून तपासतात. मग प्रोटामिन हा उतारा दिला की काही मिनिटांत हेपरिनचा परिणाम उतरतो. (प्रोटामिन माशापासून मिळतं, हे मेसेजमध्ये नसतं.)

पर्याय अडतो तो इथे. जळवेच्या लाळेतल्या द्रव्यावर बेतलेलं बायव्हॅलिरुडिन प्रयोगशाळेत बनतं, प्राण्यापासून नाही. पण त्याला उतारा नाही. ते ओसरेपर्यंत रक्तस्राव सांभाळत बसावं लागतं, आणि नळीत थांबून राहिलेलं रक्त मात्र गोठू शकतं. हेपरिनमुळे ज्यांच्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरतात, त्यांना बायव्हॅलिरुडिन देतात. म्हणजे लपवलेलं काही नाही.

पडताळायचं असेल तर हेपरिनच्या कुपीसोबतचं माहितीपत्रक वाचा, त्यात उगम लिहिलेला असतो. आधी कधी हेपरिनचा त्रास झाला असेल किंवा धार्मिक हरकत असेल, तर भूलतज्ज्ञांना ऑपरेशनआधीच सांगा.