घटमांडणी (भेंडवळ)

अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्याचा घट मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हलले, काय भिजले, काय नाहीसे झाले हे पाहून वर्षाचे पाऊसपाणी, पिके, भाव व राज्यकारभार यांचे भाकीत सांगायचे, अशी ही वऱ्हाडातील प्रथा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ हे तिचे गाव. सुमारे तीन-साडेतीन शतकांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे मानतात. मांडणी आणि वाचन आजही वाघ घराण्याकडेच आहे. लोक तिला ‘भेंडवळची भाकणूक’ म्हणतात.

येथे ‘घट’ म्हणजे मडके नव्हे, तर अख्खी मांडणी. गावाबाहेरच्या शेतात गोल आखून त्याच्या कडेने अठरा धान्ये ठेवतात : गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाटाणा, तीळ, जवस, करडी, अंबाडी, भादली इत्यादी, आणि कपाशीसाठी सरकी. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. त्यांवर पाण्याने भरलेली मातीची घागर आणि घागरीवर पुरी, पापड, भजे, वडा, सांडोई, कुरडई, करंजी असे पदार्थ. खाली पानाचा विडा व सुपारी. मांडणी झाली की सगळे निघून जातात. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही.

भविष्य सांगण्याच्या टॅरो पत्त्यांप्रमाणे इथेही चिन्हांचे अर्थ ठरलेले, बदलते ती फक्त त्यांची स्थिती. पुरी म्हणजे पृथ्वी; ती गायब झाली तर पृथ्वीवर संकट. करंजी ही देशाची तिजोरी, घागर हा समुद्र, विडा हा राजा. विडा जागचा हलला नाही तर ‘राजा कायम’. सांडोई-कुरडईवरून गुराढोरांचा चारा सांगतात. काही धान्यांना पिकापलीकडचा अर्थ आहे. भादली रोगराईची, तर मसूर परकीय शत्रूची. बाकीच्या धान्यांचे दाणे किती व कोणीकडे विखुरले यावरून त्या-त्या पिकाचा अंदाज येतो.

ऐकणाऱ्यांचे कान मात्र ढेकळांवर असतात, कारण ती चार ढेकळे म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. जे ढेकूळ जास्त भिजले त्या महिन्यात पाऊस जास्त, कोरडे राहिले तर ताण. यामागची यंत्रणा साधी आहे. मातीची घागर पाझरते. पाझर बुडाकडे उतरतो आणि जिथे घागर ढेकळाला घट्ट टेकली असेल तिथे आधी शिरतो. घागर बोटभर कलली तरी एक बाजू चिंब आणि दुसरी कोरडी. शिवाय चारही ढेकळे सारखी नसतात : भुसभुशीत ढेकूळ पाणी लगेच ओढते, काळ्या जमिनीचे टणक ढेकूळ वरवर ओलसर दिसते आणि फोडले तर आत कोरडे. म्हणजे ढेकळावरचा ओलावा घागरीची भाजणी, तिचा कल आणि मातीचा पोत यांचा हिशेब सांगतो. पुढच्या ऑगस्टचा त्याच्याशी संबंध जोडणारा दुवा कोणी दाखवलेला नाही.

दाण्यांचेही तसेच. मूग, वाटाणा गोल असल्याने घरंगळतात. तीळ हलका, वाऱ्याने उडतो. मुंगळे, उंदीर, पहाटेची पाखरे यांना अठरा धान्यांची पंगत उघडीच मिळते. तेलकट पुरी तर कुत्र्याकोल्ह्यांच्या नाकाला लांबून लागते. वैशाखात वऱ्हाडात वादळवारे, अवकाळी सरीही येतात, आणि त्या रात्री सर आलीच तर चारही ढेकळांचा चिखल होतो.

भाकणुकीची भाषा ठरीव आहे : पीक ‘चांगले’, ‘साधारण’, ‘मोघम’, भावात ‘तेजी’ किंवा ‘मंदी’, कुठे ‘नासाडी’. यातला ‘मोघम’ हा शब्द फार कामाचा, पीक आले तरी खरा आणि गेले तरी खरा. आकडा नसतो, ठिकाणही नसते. त्यामुळे तीच ओळ जळगाव जामोदला, यवतमाळला आणि पार खानदेशातही लागू धरली जाते. हवामान खात्याचा अंदाजही चुकतो, पण त्याची चूक मोजता येते : जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंमी, आणि तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे ‘सामान्य’. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्त्यांचा भाकणुकीला विरोध आहे तो याच मुद्द्यांवर.

तरी पहाटे शेताच्या कडेला शेतकरी जमतात, पत्रकारही येतात. खरिपाच्या बियाण्याचा विचार याच दिवसांत चाललेला असतो, आणि ‘जून चांगला’ हे शब्द कानावर पडले की धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधीच कोरड्या जमिनीत पेरण्याचा, मोह होतो. नुकसान होते ते इथे. पहिल्या सरीवर उगवलेले कोंब पुढच्या उघडिपीत करपतात आणि दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. कृषी विभाग 75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरा असे सांगतो. ही ओल शेतात वीतभर उकरून पाहता येते.

राज्यकारभाराचे भाकीत दरवर्षी होतेच असे नाही. 2024 मध्ये अक्षय्यतृतीया लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत आली, तेव्हा पाऊस आणि पिके सांगितली गेली, राजकीय भाकीत मात्र टाळले गेले.