सूर्यफुलाचं वजन आणि पानांतलं पाणी

१७२४ सालच्या उन्हाळ्यात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कुंडीतलं सूर्यफूल तराजूवर चढवलं. कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने झाकलेलं होतं. त्यामुळे वजन घटलं, तर पाणी झाडातूनच गेलं असं धरता येत होतं. दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी जायचं. खूप गरम, कोरड्या दिवशी तीस औंस. रात्री जेमतेम तीन, आणि दव पडलं की तेही नाही.

मुळं ओढून घेतात त्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच वाफ होऊन हवेत जातं. पान गार राहावं म्हणून ही उधळपट्टी, असं सर्रास सांगितलं जातं. गारवा मिळतो हे खरं, पण झाडाची खरी अडचण वेगळी आहे. अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड हवा, तो हवेत अगदी विरळ, आणि तो आत घ्यायचा तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, उघडावी लागतात. रंध्र उघडलं की आतली ओली वाफ बाहेर पळते. अनेक झाडांमध्ये कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू जातात.

किती पळेल, हे बाहेरची हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. पानाच्या आतली हवा जवळजवळ बाष्पाने भरलेली असते. तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं, की हवेत मावू शकणारं बाष्प जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून उष्ण, कोरडी दुपार झाडाला जड जाते, पण तितक्याच तापमानाची दमट दुपार सुसह्य असते. वाऱ्याचं काम साधं आहे: पानाला चिकटून असलेला दमट हवेचा थर तो पुसून नेतो.

झाड मात्र मुकाट्याने सोसत नाही. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. प्रकाश मिळाला की त्या पोटॅशियम आत घेतात, त्यामागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगतात आणि मधली फट उघडते. माती सुकू लागली की ॲब्सिसिक आम्ल हे झाडातलं संप्रेरक वाढतं आणि फट मिटते. पाणी वाचतं, पण अन्ननिर्मितीही थंडावते. पाण्याअभावी पीक वाळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाढ खुंटते, याचं हे एक मोठं कारण.

कण्हेरीची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली असतात, तिथे वारा पोचत नाही. निवडुंग तर बहुधा रात्रीच रंध्रं उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून वापरतो. साठवायला जागा मात्र मोजकीच, त्यामुळे बहुतेक निवडुंग फार सावकाश वाढतात.